मैदानाला लागून घर

‘घर गोल्फच्या मैदानाला अगदी लागून आहे. खेळ सुरू होतो ती जागा आमच्या दारातून दिसते,’ एवढं फोनवर टाइप करून माळीकाका थांबले. यात खोटं काहीच नव्हतं. ते दार क्लबच्या शेडमागे होतं, शेडमध्ये गवत कापायची तीन यंत्रं होती आणि घरात मोजून दोन खोल्या होत्या, हे मात्र त्यांनी लिहिलं नाही. विचारलंय कुणी?

घरबदलाची शक्कल लेकीची. पंधरा दिवस आपलं घर दुसऱ्या कुणाला, त्यांचं आपल्याला. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून विमानाची तिकिटं तिने स्वतः काढून द्यायची ठरवली होती. थंडीत मैदान बर्फाखाली जायचं, काका तसेही रिकामेच. जाहिरात टाकून आठवडा झाला नाही तोच दूरच्या एका उष्ण बेटावरून निरोप आला. तिथल्या नवराबायकोला बर्फ पाहायचा होता. त्यांचंही घर म्हणे गोल्फच्या मैदानाला लागूनच.

काका हरखून गेले. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या खेळासाठी गवत कापलं, वाळूचे खड्डे विंचरले, रोज पहाटे जुना होल बुजवून नवा पाडला. स्वतः खेळले ते सोमवारी, क्लब बंद असताना, सभासदांनी टाकून दिलेल्या स्टिका घेऊन. आता एकदाच, मरायच्या आधी एकदाच, त्यांना भरदिवसा सगळ्यांदेखत चेंडू मारायचा होता. आणि तेव्हा कुणी ‘काका, जरा बाजूला व्हा’ म्हणायला नको होतं.

तुमच्या मैदानावर आम्हाला खेळता येईल का, असं त्यांनी भीतभीतच विचारलं.

‘माझं नाव सांगा,’ उत्तर आलं. ‘इथलं पानसुद्धा माझ्याशिवाय हलत नाही. मी रोज पहाटे पाचला मैदानावर असतो. ऊन चढायच्या आत अठरा होल आटोपतो.’

काकांनी ते काकूंना दोनदा वाचून दाखवलं. काय शौकीन माणूस! नाहीतर आपल्या क्लबातले, नऊ वाजल्याशिवाय त्यांचा डोळा उघडत नाही. काकू म्हणाल्या, मोठं प्रस्थ दिसतंय. त्या गृहस्थांनी फोटोही पाठवले, पण नुसते खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राचे आणि हिरवळीचे. घराचा एकही नाही. काकांना त्याचंही कौतुक. खानदानी माणसं अशीच असतात, त्यांना मिरवायची हौस नसते. काकांनीही मग खिडकीतूनच फोटो काढले, यंत्र दिसणार नाही अशा बेताने.

मग तयारीला नुसता ऊत आला. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा पांढरी पँट शिवून घेतली. संध्याकाळी सतरंजीवर पेला आडवा ठेवून ते चेंडू ढकलायचा सराव करत. चेंडू हमखास कपाटाखाली जाई आणि काकू झाडूने तो बाहेर काढून ‘घ्या साहेब’ म्हणत. त्यांनी स्वतःसाठी रुंद काठाची टोपी घेतली होती. ती घालून त्या पोळ्या लाटायच्या. सवय नको का व्हायला? लेक फोनवर हसून हसून बेजार.

खिडक्यांना नवे पडदे लागले, भिंतींना रंग लागला. तरी डिझेलचा वास काही जाईना. तेव्हा मात्र काकांचा जीव टांगणीला लागला. एवढा बडा माणूस इथे येणार, या खाटेवर निजणार. त्याने तिथल्या क्लबात एक फोन केला तर? पांढऱ्या पँटीसकट बाहेर काढतील.

“खरं काय ते लिहून टाका,” काकू म्हणाल्या. “जनाची नाही तर मनाची.”

“लिहिलं तर तो नाही म्हणेल.”

“म्हणू दे. पण मला तिथे चोरासारखं राहायला जमणार नाही.”

काकांनी चार वेळा मजकूर लिहिला, चारही वेळा पुसला. जायचा दिवस उजाडला. किल्ली क्लबच्या पहारेकऱ्याकडे ठेवून दोघं निघाली.

बेटावर उतरल्या उतरल्या सगळी धाकधूक पळाली. काय ते ऊन! काकूंनी स्वेटर काढून कमरेला बांधला आणि टॅक्सीत बसल्या बसल्या टोपी चढवली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंगले होते. प्रत्येक बंगल्याशी त्या काकांना कोपराने ढोसत, हाच असेल. काकांचं लक्ष पलीकडच्या हिरवळीवर होतं. इतकं एकसारखं कापलेलं गवत त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. यांचा माळी कोण आहे, त्याला भेटलंच पाहिजे, असं ते आनंदाने म्हणालेसुद्धा.

क्लबच्या मोठ्या फाटकाशी पहारेकऱ्याने गाडी थांबवली. काकांनी छाती पुढे काढून त्या गृहस्थांचं नाव सांगितलं. त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक पाकीट पुढे केलं. म्हणाला, सामान उतरवायच्या आधी वाचायला सांगितलंय.

“कळलं त्यांना,” काका पुटपुटले. “आता शोभा होणार.” त्यांना पाकीट फोडवेना. शेवटी काकूंनीच ते फोडलं आणि हलक्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

“साहेब, माफ करा. रोज लिहीन लिहीन म्हणत होतो, पण धीर झाला नाही. बायकोला एकदा बर्फ दाखवायचा होता, म्हणून तुमच्यासारख्या मोठ्या माणसाला फसवलं. घर बघून रागावू नका. मी या क्लबचा सभासद नाही. मी इथलं गवत कापतो.”