दारातली सोंगटी

लाल सोंगटी टपटप चार घरं पुढे आली आणि कौसल्याबाईंची पिवळी सोंगटी मेली. तीही दारातली. अजून एक घर सरकली असती तर आत वळली असती, मग कुणाच्या बापाला ती मारता आली नसती.

"अगं बाई! लक्ष्मे, डोळे फुटले काय तुझे?" कौसल्याबाई मोबाइलवर ओरडल्या.

मोबाइलमधून आवाज आला नाही. एक पिवळं तोंड आलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारं.

घोडपदेवच्या या चाळीत दोघी चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्या. दुपारचे चार वाजले की गॅलरीत लुडोचा पट पडायचा. दिवाळीत लक्ष्मी लेकाकडे वडाळ्याला राहायला गेली, तेव्हा तिच्या नातीनं, श्रेयानं, दोघींच्या मोबाइलवर हा नवा गेम टाकून दिला. पट तोच, वेळ तीच, वर माइक. लक्ष्मी खेळायची कमी आणि माइकवर भांडायची जास्त.

आणि एक नियम लक्ष्मीचा स्वतःचा. घराच्या दाराशी पोचलेली सोंगटी मारायची नाही. "दारात इलेल्याक मारूचा नाय गो," म्हणायची. असला नियम जगात कुठे नव्हता, गेममध्ये तर नव्हताच. पण चाळीस वर्षांत लक्ष्मीनं तो एकदाही मोडला नव्हता, सपशेल हरत असली तरी.

आज मोडला होता.

कौसल्याबाईंनी दिवस आठवून पाहिले. रविवारी खेळ झाला नाही, नेट नव्हतं म्हणे. सोमवारपासून लक्ष्मी बोलत नाही, नुसती तोंडं पाठवते. फोन लावला तर उचलत नाही. लेकाला, राजरत्नला विचारलं तर म्हणाला, "मावशीचा घसा बसलाय, आई." हा शहाणा स्वतः चार दिवस ऑफिसला का गेला नाही, ते मात्र सांगत नव्हता. गॅलरीतल्या बायकाही कौसल्याबाई दिसल्या की गप्प होत होत्या. त्यांना वाटलं होतं, आपल्या आजारपणामुळे असेल. पंधरा दिवसांपूर्वीच हृदयात दोन स्टेंट बसवले होते, आणि त्यांना कसलाही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरनं घरच्यांना बजावलं होतं.

"आई, चारची गोळी घेतलीस का?" आतून राजरत्ननं विचारलं.

"घेते रे!"

त्यांनी माइकचं बटण दाबलं. आवाज अगदी खाली आणला.

"लक्ष्मे, बोलू नको. घसा बसलाय ना? नुसतं खोकून दाखव. तुझा खोकला मी झोपेतसुद्धा ओळखते."

सोंगटी मारली म्हणून पुढचा डावही लालचाच होता. लाल कोपऱ्यात वेळेचं हिरवं वर्तुळ फिरायला लागलं. फासा पडेना.

"खोक गं बाई. एकदाच खोक."

वर्तुळ अर्धं झालं, पाव झालं. मग माइक उघडला आणि पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. सर्दीचं नाक वेगळं आणि रडलेलं वेगळं, एवढं कौसल्याबाईंना कळत होतं.

"श्रेया?"

"आजी..." पोरीनं पुन्हा नाक ओढलं. "राजूकाका बोलला, तू बरी होईपर्यंत फक्त. चार वाजले की तू वाट बघशील ना, म्हणून."

कौसल्याबाईंनी छातीवर हात ठेवला. ठोके जोरात पडत होते, पण सरळ. एवढं ऐकूनही हे काळीज चालतंच आहे तर. त्यांना त्याचाच राग आला.

"कधी गेली?"

"रविवारी पहाटे. झोपेतच."

"त्रास?"

"नाही झाला."

मग कौसल्याबाईंनी घसा खाकरला.

"माझी दारातली सोंगटी मारलीस तू. दारात इलेल्याक मारूचा नाय. आजीनं शिकवलं नाही तुला?"

"ती बोलवायची गं खेळायला," श्रेया म्हणाली. "मीच कधी बसले नाही तिच्याजवळ."

ही पोर चार दिवस आजीच्या मोबाइलवर, आजीच्या नावानं, एकटी रडत खेळत होती.

"बरं. टाक फासा," त्या म्हणाल्या. "अर्धा डाव सोडायचा नसतो."

डाव पुढे सरकला. पाच-सहा फाशांनंतर त्यांची दुसरी पिवळी सोंगटी दाराशी येऊन थांबली. तिच्या मागे तीन घरांवर एक लाल सोंगटी होती.

राजरत्न गोळी आणि पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आला आणि आईच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावला. तेवढ्यात लालचा फासा पडला. तीन.

"गेली तुझी, आई," तो उसनं हसत म्हणाला. "मावशी काय सोडते होय?"

हिरवं वर्तुळ फिरत राहिलं. मग दाराजवळची लाल सोंगटी होती तिथेच राहिली आणि पार पलीकडची एक सोंगटी तीन घरं सरकली.

"हे काय?" राजरत्न म्हणाला. "मारली का नाही?"

कौसल्याबाईंनी त्याच्या हातातून गोळी घेतली, तोंडात टाकली, वर पाण्याचा घोट घेतला. डोळे केव्हाचे वाहत होते, ते पुसायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

"शिकली रे श्रेया," त्या म्हणाल्या. "एका चुकीत शिकली."