पाकिटातली चाल

टाउनोला बुद्धिबळाचा पट पुन्हा दिसला तो सौनातल्या वाफेत.

वाफेने अंघोळ करायच्या त्या लाकडी खोलीत वरच्या फळीवर तो डोळे मिटून बसला होता. तापलेल्या दगडांवर पाणी पडलं, वाफ छताला टेकून सावकाश खाली उतरली आणि मिटल्या डोळ्यांपुढे एकेक घर उमटत गेलं. संध्याकाळी हेलसिंकीत डेन्मार्कच्या प्रेबेनबरोबरचा डाव अर्ध्यावर थांबला होता. रिवाजाप्रमाणे आपली पुढची चाल त्याने कागदावर लिहून, पाकीट चिकटवून पंचांच्या हवाली केली होती. पाकीट उद्या सकाळी पटाजवळच उघडणार. चाल साधी होती: हत्तीने प्यादं खायचं. टाउनो जिंकला तर फिनलंडचा संघ वरच्या गटात जाणार होता. बरोबरी झाली तर नाही.

वाफेतल्या पटावरून ते प्यादं नाहीसं झालं, आणि त्याच्या लक्षात आलं की प्रेबेनकडे सुखाने हलवण्यासारखं तेवढं एकच होतं. त्याचा राजा कोपऱ्यात कोंडलेला. आता प्रेबेन आपला उरलेला हत्ती शह देत सरळ टाउनोच्या राजाच्या अंगावर आणून टाकेल. तो हत्ती मारला, तर प्रेबेनला एकही चाल उरत नाही आणि त्याच्या राजाला शहही नाही, म्हणजे जिच. नाही मारला, तर शह संपणार नाहीत. कसंही केलं तरी बरोबरी. प्याद्याला हात न लावता राजा एक घर सरकवला असता, तर डाव हातात होता.

हे सगळं त्याला लांबून, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं दिसलं.

"जिवंत आहेस ना रे वर?" खालच्या फळीवरून प्रेबेनने विचारलं. डाव थांबला की पाहुण्याला तळ्यावर आणून सौना घडवायचा, मग तो उद्याचा प्रतिस्पर्धी का असेना, हा फिनलंडचे कप्तान एन्सिओ यांचा शिरस्ता होता.

"आहे."

"मी नाहीये. डेन्मार्कात आम्ही बटाट्यांना असं करतो."

टाउनो हसला. पटावर दोघं एकमेकांना अहो-जाहो करत. कपड्यांबरोबर तेही बाहेर खुंटीवर राहिलं होतं.

"एक विचारू? रागावू नकोस. राजा सरकवलास ना? तुझ्या जागी मी असतो तर डोळे झाकून तेच लिहिलं असतं."

नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. प्रेबेन रात्रभर राजाच्याच चाली तपासत बसला असता, आणि सकाळी पाकिटातून प्यादं निघाल्यावर, घड्याळ पळत असताना, त्याला ती जिच सापडलीच असती असं नाही.

पण गावाकडच्या रीतीप्रमाणे अशाच फळीवर टाउनोचा जन्म झाला होता, आणि अशाच फळीवर त्याने बापाला शेवटची अंघोळ घातली होती. इथे खोटं बोलत नाहीत. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"प्यादं खाल्लं," तो म्हणाला.

दगड चुरचुरले. मग प्रेबेनने मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! पाकिटातली चाल खरी सांगणारा खेळाडू अजून जन्माला यायचाय. कळलं. राजाच."

"प्यादंच."

"बरं बाबा, प्यादं." हसतहसतच तो उठला. "जातो. माझे लोक वाट बघत असतील. आज तुझ्या राजाचं हाडन् हाड मोजतो."

असं होईल हे बोलताना टाउनोच्या मनात नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

तो बाहेर आला आणि गळ्यापर्यंत तळ्यात उतरला. ऑगस्टचा उजेड अजून पाण्यावर रेंगाळत होता. अंग कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं. धक्क्यावर पाय सोडून बसलेल्या एन्सिओंनी कॉफीचा पेला बाजूला ठेवला.

"काय विचारत होता रे पाहुणा?"

"पाकिटात काय आहे ते. मी सांगितलं, प्यादं खाल्लं."

"आणि पटलं नाही ना त्याला!" एन्सिओ खदखदून हसले. "शाबास! तुला असलं काही जमेल असं वाटलं नव्हतं मला. बरं, खरं काय लिहिलंस?"

"तेच लिहिलंय."

एन्सिओंनी सौनाच्या दाराकडे पाहिलं. "आत बोललास हे? फळीवर?"

"हो."

त्यांचं हसू ओसरलं. खिशातला छोटा पट काढून त्यांनी मांडीवर डाव लावला, प्यादं उचललं, हत्ती सरकवला आणि तसेच थांबले.

"जिच आहे रे."

"हो."

बर्चच्या झाडांमधून प्रेबेन रस्त्याकडे निघाला होता. ओला टॉवेल खांद्यावर, उजवा हात हवेत. त्याचं बोट एकेक घर सरकत होतं. थांबायचं, मागे यायचं, तिरकं जायचं. तो राजा चालवत होता.

"हाक मार त्याला," एन्सिओ हळूच म्हणाले. "पुन्हा सांग."

"काय?"

"हेच. प्यादं खाल्लं म्हणून. मोठ्याने सांग. जितक्यांदा सांगशील तितका त्याला राजाच दिसेल." त्यांनी टाउनोकडे पाहणं टाळलं. "खरंच तर सांगायचंय. त्यात काय वाईट आहे?"

वळणावर प्रेबेन थांबला. मागे वळून त्याने तळ्याकडे हात हलवला.

"आता, टाउनो. आता!"

टाउनोने तोंड उघडलं. छातीभर श्वास घेतला. आणि सावकाश पाण्याखाली गेला.

खाली सगळं हिरवं होतं. वरून कप्तानांचा आवाज येत होता, पण शब्द लागत नव्हते.