घट्ट टाके

चामडं झिजून जाईल, पण टाका हलायचा नाही, अशी सानगडीच्या गेंदलालची शिलाई. लेक फौजदार झाली, तसं त्यानं ओसरीत बसून तिच्या पिस्तुलाचं कव्हर हातानं शिवलं.

रुचितानं ते कमरेला लावून पाहिलं. "बाबा, पिस्तूल लवकर निंगतच नाही जी! हात चुकला तुमचा."

"चुकला नाही, माय. मुद्दामच घट्ट शिवलो. काढेपर्यंत तुहा राग उतरन. समोरचाबी कोनाचं तरी लेकरूच असते."

"आन् त्याचा राग नाही उतरला तं?"

गेंदलालनं लेकीच्या कमरेचं कव्हर सोडवून घेतलं. मग त्यानं चामडं कापायची रापी उचलली, आणि जन्मात पहिल्यांदा आपल्याच हातचे टाके उसवायला घेतले.