पहिली पाळी

नेरूळच्या योगकेंद्राचा हॉल गिरजाबाई गेली नऊ वर्षं झाडत होत्या. दिघ्यातल्या खोलीचं भाडं त्याच पगारातून निघायचं. रविवारी गुरुजी प्रवचनात म्हणाले, "नुसत्या आसनांनी योग होत नाही. अहंकार झाडायचा असेल, तर आधी हातात झाडू घ्या." साधकांचे डोळे पाणावले आणि तिथल्या तिथे झाडण्याच्या पाळ्या लागल्या.

केंद्राचं सगळं बघणाऱ्या सुमेधाताईंनी गिरजाबाईंचा हात प्रेमाने हातात घेतला. "सुटलात हो तुम्ही! उद्यापासून झाडणं हा आमचा कर्मयोग. तुम्ही आता निवांत घरी बसा."

"घरी बसले तर खोलीवाला ऐकतोय का, ताई?" गिरजाबाई म्हणाल्या. पण तोवर ताईंनी ध्यानासाठी डोळे मिटले होते.

सोमवारी सकाळी सहालाच ताईंचा फोन आला. परत कामावर बोलावतायत असं वाटून गिरजाबाईंचा जीव भांड्यात पडला.




"गिरजाबाई, पहिलीच पाळी माझी आणि नेमकी कंबर धरलीय बघा. माझ्या नावानं तेवढा हॉल झाडून याल? आणि पैशाचं मनातसुद्धा आणू नका हं, कर्मयोग निष्काम असतो."