तिसऱ्या पानावरचं पत्र

"एक अक्षरही कापणार नाही ना, साहेब?" व्हर्डेलनं पुन्हा विचारलं.

"नाही म्हटलं ना." क्रेनशॉसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. 'कुरिअर'चे मालक तेच आणि संपादकही तेच. "गुरुवारच्या अंकात. तिसरं पान, अगदी वर. आणखी काही?"

व्हर्डेल टेबलापाशी उभीच होती. त्या कचेरीत काळ्या बाईसाठी खुर्ची नसायची. "नावाआधी मिसेस लावाल?"

छपाईचे खिळे जुळवणारा माणूस मान वर न करता हसला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बेल्स क्रॉसिंग गावच्या पेपरात काळ्या बाईला आजवर कुणी मिसेस म्हटलं नव्हतं. चारचौघांसमोर लग्न लागलेलं असो, नवरा कबरीत गेलेला असो, पेपरात ती नुसती व्हर्डेल.

"लावतो," साहेब म्हणाले.

"आणि दहा अंक जास्तीचे लागतील. चर्चसाठी."

"इथून नेऊ नकोस. तुमच्या वस्तीच्या गठ्ठ्यात मीच घालून पाठवतो. पैसे नकोत."

इतका चांगुलपणा तिला झेपेना. आभार मानून ती निघाली.

तिचा मुलगा लॉन्झो एकोणीस वर्षांचा, पाच आठवडे तुरुंगात होता. बसथांब्यावर एका पोलिसानं त्याला दंडुक्यानं झोडपलं आणि वर, पोलिसावर हात टाकला म्हणून खटलाही त्याच्यावरच भरला. सुनावणी सोमवारी. दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या ज्युरीत बाराच्या बारा गोरे. थांब्यावरच्या काळ्या लोकांची साक्ष ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण लॉन्झोनं खाली पडताना वर पाहिलं होतं. समोरच्या माडीच्या खिडकीत एक गोरी बाई उभी होती. तिचा चेहरा काही त्याला दिसला नाही.

त्या माडीवर भाडेकरूंच्या वीस खोल्या. व्हर्डेल एकेक दार ठोठावत फिरली असती, तर संध्याकाळपर्यंत तीही लॉन्झोशेजारी गजाआड गेली असती. सरकारनं दिलेल्या वकिलाला पोराचं नावही धड घेता येत नव्हतं. म्हणून हे पत्र. त्यात आरडाओरडा नव्हता. खिडकीतल्या बाई, तुम्ही जे पाहिलंत तेवढंच सोमवारी कोर्टात येऊन सांगा, एवढीच विनवणी होती.

पेपरावर तिचा भरवसा उगाच बसला नव्हता. पूर्वी 'कुरिअर' काळ्यांसाठी वेगळं पान छापायचा आणि ते फक्त रेल्वेच्या रुळांपलीकडच्या काळ्यांच्या वस्तीत पाठवायचा. आपली लग्नं, आपली मयतं, आपणच वाचायची. वस्तीतल्या चर्चचे रेव्हरंड बॅस्कम यांनी सह्या गोळा करून गेल्या वर्षी ते बंद पाडलं. निम्म्या सह्या व्हर्डेलनं पायपीट करून आणल्या होत्या. तेव्हापासून अख्ख्या गावाला एकच पेपर.

गुरुवारी पत्र आलं. तिसरं पान, अगदी वर, मिसेस व्हर्डेल टॉलिव्हर. चर्चच्या पायरीवर ते मोठ्यानं वाचलं गेलं, आणि म्हाताऱ्या बायका त्या मिसेसवरून बोट फिरवत राहिल्या.

संध्याकाळी अर्लीथा आली. ती जज्जांच्या घरी स्वयंपाक करायची.

"काय म्हणाले गं जज्ज?"

"काय म्हणणार? पेपर तोंडासमोर धरून अंडी खाल्ली. दोनदा कॉफी मागितली. कपाळावर आठी म्हणून नाही."

"तिसरं पान वाचलं?"

"उलटून पालटून सगळा पेपर वाचला, बाई. मी तिथंच उभी होते."

"माणसाला आतडी असतात की नाही?"

"असतात ना. चांगली तीन अंडी मावतील एवढी."

दोघी हसल्या, पण व्हर्डेलचं हसू लवकर आटलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. कुणी आलं नाही, कुणाची चिठ्ठी नाही. दुकानदार नेहमीसारखे बोलले. निदान कुणी शिवी तरी द्यावी, असं तिला वाटलं.

सोमवारी कोर्टाच्या वरच्या सज्जात बसून तिनं जज्जांकडे एकदाही पाहिलं नाही. ती दाराकडे पाहत होती. दार उघडलं ते फक्त लॉन्झोला बाहेर नेताना. सात वर्षं.

त्या पोलिसाचासुद्धा तिला इतका राग आला नव्हता, जितका त्या खिडकीतल्या बाईचा आला. पोलीस तसलाच असतो. पण एका आईचं पत्र वाचून घरी बसून राहणारी बाई कसली, हेच तिला उमगेना.

पोट कुणाला चुकलंय? बुधवारी ती पुन्हा शिवणाला बसली. तिच्यासारखा हात गावात कुणाचा नव्हता, म्हणून गोऱ्या बायकाही रूळ ओलांडून यायच्या. त्या दिवशी मिसेस हॅस्क्यू आल्या. एकट्या राहणाऱ्या विधवा बाई. झगा कमरेत सैल करायचा होता. त्या स्टुलावर उभ्या राहिल्या, आणि व्हर्डेल तोंडात टाचण्या धरून खाली वाकली.

"सोमवारी शिक्षा झाली तो तुझा मुलगा का गं?" बाईंनी हळूच विचारलं. "मला कालच कळलं."

व्हर्डेलनं होकारार्थी मान हलवली.

"मी पाहिलं होतं सगळं. माझी खोली थांब्यासमोरच आहे. त्यानं हातसुद्धा उचलला नव्हता."

व्हर्डेलनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "मग आला का नाहीत?" गोऱ्या बाईला असा जाब तिनं जन्मात कधी विचारला नव्हता.

"आपण होऊन कोर्टात कशी जाऊ? एकटी बाई मी." मिसेस हॅस्क्यूंचे डोळे भरून आले. "कुणी नुसतं विचारलं असतं ना, तर गेले असते. देवाशपथ गेले असते."

"मी विचारलं होतं. गुरुवारच्या 'कुरिअर'मध्ये. तिसऱ्या पानावर."

"अगं, 'कुरिअर' मी जाहिरातींसकट वाचते." झगा ज्या कागदात गुंडाळून आणला होता, त्याकडे त्यांनी बोट दाखवलं. "गुरुवारचाच आहे तो. तूच बघ."

व्हर्डेलनं तो चुरगळलेला कागद कापड बेतायच्या टेबलावर पसरला आणि तळहातानं सारखा केला. तारीख गुरुवारची होती. पान तिसरं होतं. अगदी वर, वस्तीत आलेल्या अंकात तिचं पत्र होतं त्याच जागी, कापसाचे भाव छापले होते.