खिडकीजवळची जागा

"भेव लागून राह्यलं का?" हिरासिंगकाकानं विचारलं.

"छ्या," ऋतिक बोलला. पण हात फाटकाच्या कडीवरच होता.

घाटंजीच्या लुथरन चर्चच्या या फाटकावरून तो दोनदा परत गेलता. आज नाही. आज त्यानं दिग्रसहून पह्यली एसटी धरली, इस्तरीचा शर्ट घातला अन् ठरवूनच आला, का आत जायचं म्हणजे जायचं.

कारण प्रियंकाच्या बाबानं, वामनरावनं, साफ सांगून ठेवलं होतं. "धर्म बदल म्हणत नाही मी तुले. पण एका रविवारी चर्चमंदी ये. पाळकसाहेब विचारतात, आज पह्यल्यांदा कोण आलं म्हणून. तवा सगळ्याइसमोर उभा राह्य अन् नाव सांग. मंग पोरीचं बोलू. लपूनछपून येणारा जावई मले नको."

एवढंच तर होतं. उभं राह्यचं, नाव सांगायचं. पण तो कामाले होता त्या कापसाच्या जिनिंगवरचा वळखीचा एक जरी माणूस आत निघाला, तर सांजेलोक गोष्ट दिग्रसभर होणार होती. अन् ऋतिकच्या घरी अजून कोणालेच माहीत नव्हतं.

हिरासिंगकाका फाटकाच्या आत बसले होते, लिंबाखाली, चर्चच्या खिडकीले लागून जो ओटा आहे तिथं. बाजूले त्याइची जुनी लुना. डोक्यावर पांढरं पागोटं, मांडीवर कापडात गुंडाळलेलं गाण्याचं पुस्तक. आत जाणारा हरेक माणूस "सलाम काका" म्हणूनच पुढं जाये.

"काका, तुमी दर रविवारी येता?"

"लय वर्सं झाले. एक रविवार चुकला नाही."

ऋतिकले बरं वाटलं. "मंग सांगा न, आत काय काय होते? माही फजिती नाही झाली पाह्यजे."

"घंटा झाली का सारे उभे. गाणं सरलं का बसायचं. मंग पापाची कबुली, तवा मान खाली. पाळक म्हणतील, प्रभू तुमच्यासंगं असो, तर सारे म्हणतात, अन् तुमच्याहीसंगं. शेवटी भाकर अन् द्राक्षाचा रस देतात, ते बाप्तिस्मा झालेल्याइले. बाकीचे बसून राह्यले तरी कोणी वाईट मानत नाही. जात कोणी विचारत नाही. चहाचं विचारतात."

"अन् झोप आली तर?"

"वामनरावले दर येळी येते. त्याचं घोरणं या लिंबालोक आयकू येते."

ऋतिक हसला. मंग हळूच म्हणे, "अन् ते उभं राह्यचं?"

काकानं पुस्तकाचं कापड सारखं केलं. "ते भारी जाते बाबू. पाय उठत नाही. एखादा माणूस त्याच्याचपायी जिंदगीभर बाहेर बसते."

हा टोमणा आपल्यालेच आहे, असं ऋतिकले वाटलं. त्यानं फाटक ढकललं. "आज मी उभा राह्यतोच."

काकानं त्याच्याकडे टक लावून पाह्यलं. मंग पुस्तक बगलेत दाबलं. "चाल तं मंग."

आत गेल्यावर काकानं इकडं तिकडं पाह्यलंच नाही. सरळ खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसले. ऋतिक मागं मागं. बसल्यावर त्याले दिसलं, पुढं मागं साऱ्या बाया. माणसं पलीकडच्या बाजूले.

"काका, हे बायाइची बाजू आहे."

"हव का?" काका दचकले. पण उठले नाही.

पुढच्या बाकावरच्या विमलताई वळल्या. आता उठवतील असं वाटलं. त्याइनं दोघांले पाह्यलं अन् हळूच म्हणाल्या, "असू द्या. तिथंच बसा."

सारं चर्च वळून पाहून राह्यलं होतं. ऋतिकचे कान गरम झाले. पाळकसाहेब मधून चालत आले अन् ऐन त्याच्या बाकाजवळ थांबले. मान हलवली अन् पुढं गेले. गाणाऱ्या पोरीइमंदी प्रियंका ओढणीनं डोळे पुसून राह्यली होती. झालं. इतकी हसली का आपल्यावर?

"माही घरवाली, जमनी, इथंच बसे," काका पुटपुटले. "संक्रांतीच्या आधी गेली ते. हे पुस्तक तिचंच."

ऋतिक मंग काकाले लागून नीट बसला.

बाकी सारं काकानं सांगितलं तसंच झालं. घंटा वाजायच्या आधीच ते म्हणत, "ऊठ." मान खाली करायच्या आधीच म्हणत, "आता कबुली." पुस्तक मांडीवर बंदच, अन् डोळे मिटून पुरं गाणं पाठ. फक्त एकदा माणसाइच्या बाजूनं मागून एक जाड आवाज चढला, तसे काका वळले अन् त्या माणसाच्या तोंडाकडे नवलानं पाह्यत राह्यले.

मंग पाळकसाहेबानं चश्मा सारखा केला. "आज आपल्यात पह्यल्यांदा कोण आलं? उभं राहून नाव सांगा."

पलीकडून वामनराव पाहून राह्यले होते. आज जागे होते. ऋतिकनं पुढचा बाक हातानं धरला. फाटक आठवलं. दोनदाचं परत जाणं आठवलं. त्यानं दात दाबले अन् उठला.

"मी ऋतिक. दिग्रसचा. वामनरावच्या घरचा पाव्हणा."

"स्वागत आहे," सारं चर्च एका आवाजात बोललं. वामनरावनं मान डोलवली. प्रियंकानं खाली पाह्यलं. झालं, जमलं.

तो बसायले वाकला, तसा काकानं त्याचा हात धरला.

"थांब बाबू. मलेबी जरा उठव."

पाळकसाहेब थांबून राह्यले. ऋतिकच्या खांद्याचा आधार घेत काका उभे झाले. जमनीकाकूचं पुस्तक छातीशी.

"मी हिरासिंग," ते म्हणाले. "जमनीचा मालक. आत पह्यल्यांदाच आलो."