गुरुवारची पंगत

"ते नवं पोरगं मान वर करून बोलतच नाही," ओल्गा हुडाक म्हणाली आणि तिनं डेलच्या ताटात तिसरी होलुपकी वाढली. "खाली कोण बघतो? एक चोर, नाहीतर ज्याच्या पोटात पाप आहे तो. परवा मैदानाच्या दारात समोर आलं. हो बाई, नाही बाई, आणि नजर माझ्या बुटांवर. माझ्या बुटांत काय सोनं आहे?"

टेबलाभोवतीचे पाचही धिप्पाड गडी हसले. हे पाच म्हणजे गावाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची भिंत. क्वार्टरबॅक मागं उभा राहून चेंडू फेकतो, तोवर समोरून धावून येणाऱ्यांना यांनी छातीवर घ्यायचं. म्हणून क्वार्टरबॅकनं आपल्या भिंतीला जेवू घालायचं, ही त्या पोलादाच्या गावातली जुनी रीत. ओल्गाचा मुलगा अँडी चौदा वर्षं क्वार्टरबॅक होता. चौदा वर्षं ओल्गा दर गुरुवारी कोबीच्या पानांत खिमा-भात भरून होलुपकी वळत आली होती. पाची जण तिला मावशी म्हणत.

पण लागोपाठ तीन रविवार हार झाली होती. येत्या रविवारी अँडी बाकावर बसणार होता. त्याच्या जागी लुइझियानाच्या ऊसपट्ट्यातून आलेला बावीस वर्षांचा केंडल ब्रूसार खेळणार होता. त्याला जेवायला बोलवायचं कुणाला सुचलं नव्हतं. खरं तर सुचलं होतं. अँडीनंच सोमवारी विषय काढला होता. माझ्या घरात खुर्च्या मोजून आहेत, असं म्हणून ओल्गानं तो तिथंच मिटवला होता.

ज्यानं चौदा वर्षं गाव खांद्यावर वाहिलं त्याला असं उठवतात का, असं ती आठवडाभर येईल-जाईल त्याला विचारत होती. खांद्याचं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. सामना झाला की अँडीचा शर्ट तीच काढायची, कारण त्याचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. कोचला जे तीन हारींनंतर कळलं, ते तिला गेल्या हिवाळ्यातच कळलं होतं. तिनं मलम चोळलं आणि तोंड मिटून घेतलं.

जेवण संपत आलं तशी तिनं पळी भांड्यात आपटली.

"त्या पोराला एकदा मातीची चव कळायला हवी," ती म्हणाली. "मग येईल मान वर."

या वेळी कुणी हसलं नाही. अँडी पाव मोडत राहिला. डेलनं पावानं ताट पुसून घेतलं, आणि जाताना नेहमीसारखे मावशीच्या पांढऱ्या केसांवर ओठ टेकवून गेला.

रविवारी ती आपल्या नेहमीच्या जागी, चौथ्या रांगेत, पायांवर घोंगडी घेऊन बसली. केंडलचे पहिले दोन चेंडू असे बाणासारखे सुटले की तिची शेजारीण उठून उभी राहिली. ओल्गा घोंगडीचे धागे ओढत बसली.

तिसऱ्या खेपेला डावीकडून पलीकडच्यांचा एक गडी रेड्यासारखा सुटला. ती बाजू डेलची. अकरा वर्षांत त्यानं त्या बाजूनं अँडीपर्यंत माशी जाऊ दिली नव्हती. आज त्यानं एक पाऊल मागं घेतलं, पाहुण्याला दार उघडून द्यावं तसं. केंडल लांब बघत होता. ते धूड त्याच्या पाठीवर आदळलं. हेल्मेट एकीकडं गेलं, पोरगं दुसरीकडं, आणि त्याचं तोंड मातीत.

लोकांचा श्वास अडकला. ओल्गाच्या तोंडून "हं" निघालं. जिरली, अशा अर्थाचं.

तेवढ्यात डेल वळला. पडलेल्या पोराकडं पाठ करून त्यानं चौथ्या रांगेत बघितलं, थेट तिच्याकडं. सांगितलेलं काम करून आलेलं लेकरू आईकडं बघतं ना, तसं.

ओल्गाची घोंगडी घसरून खाली पडली. तिला वाटलं, सगळं मैदान आपल्याकडंच बघतंय. कुणीच बघत नव्हतं. त्यामुळं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचं तिला अँडीनं घरी आल्यावर सांगितलं. केंडल फाटका ओठ दाबत बाकाशी आला. चूक कुणाची, असं कोचनं विचारलं. डेल तिथंच उभा होता. माझीच, पोरगं म्हणालं. मी चेंडू फार वेळ धरून ठेवला.

"आणि तू काय म्हणालास?" ओल्गानं विचारलं.

अँडी खिडकीबाहेर बघत राहिला. मलमाची बाटली टेबलावर तशीच होती. त्या दिवशी चोळायला काही नव्हतं.

"गुरुवारी त्याला घेऊन ये," ती म्हणाली.

गुरुवारी केंडल दारात उभा राहिला. ओठावर चार टाके, काखेत टोपी, हातात केकचा डबा. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायचं नाही, हे त्याच्या आईनं शिकवलेलं दिसत होतं. नजर तशीच, ओल्गाच्या बुटांवर. टेबलाशी पाचही जण ताटात बघत होते. डेलनं घासही उचलला नव्हता.

टेबलाच्या टोकाची खुर्ची अँडीची. ओल्गा नुसती "ऊठ" म्हणाली. अँडी उठला, आणि त्यानं स्वतःच खुर्ची मागं ओढून धरली.

केंडल बसला. ओल्गानं पहिलं ताट त्याला वाढलं. मग टाक्यांना धक्का लागणार नाही अशा बेतानं त्याच्या हनुवटीखाली बोट धरलं.

"मान वर कर, पोरा. या टेबलावर खाली बघायची पाळी आमची आहे, आणि पहिली माझी."